न धुतलेले पाय

लोणार, ४ एप्रिल १९२६
पोचलो एकदाचे! वऱ्हाडात नोकरी म्हटल्यावर हर्णैला आईने डोळ्यांना पदर लावला होता, पोरगा समुद्राला मुकला म्हणून. आणि इथे पाहतो तर भल्यामोठ्या खळग्याच्या तळाशी हिरवंगार खारं पाणी! मासा औषधालाही नाही, पण वास ओळखीचा. खाराच्या ठेकेदाराने घर दिलंय ते वर काठावर. खाली उतारभर बाभळी, सीताफळी आणि मोर. वच्छला अंगणातूनच ओरडली, अहो, आपलं बंदर पाठोपाठ आलं की! बायको खूश म्हणजे मीही खूश.

७ एप्रिल
उन्हाने पाणी आटतं, मजूर चिखलातला खार गोळा करतात, मी तोलून घेतो. गुलाम रसूल मुकादम मोठा भला माणूस. पण इथली एक रीत गमतीची. वर चढताना वाटेतल्या गोड्या धारेवर पाय धुवायचेच. हिंदू असो, मुसलमान असो, कुणी चुकत नाही. मुकादम म्हणाले, बाबूसाहेब, जो पाय धुत नाई, त्याचे पाय धुवाले तळं सोता वर येते. मी म्हटलं, वा, म्हणजे घागरीचा त्रास वाचला! कुणी हसलं नाही. मी आपला बूट घालून जातो, ते कोण भिजवणार? घरी सांगितलं तेव्हा वच्छला पोट धरधरून हसली.

११ एप्रिल
वच्छलाने उडदाचे पापड केले. अंगणभर वाळताहेत. दोन भाजून पाहिले, काय फुललेत म्हणून सांगू!
आणि एक नवल. तळ्याला भरती येते! काल खार वाळत होता तिथे आज पाणी. मुकादम म्हणतात, आमच्या बापजाद्यानं नाई पाह्यलं असं. म्हटलं, कोकणातल्या माणसाला भरती शिकवता?

१३ एप्रिल
भरती आली, ओहोटी नाही. गोडी धार बुडाली. मजूर आले नाहीत. मुकादमांनी विचारलं, कोन न धुता वर आलं? मीच, म्हटलं. त्यांनी बुटांकडे पाहिलं. म्हणाले, बुटाले नाई लागत, उघडा पाय लागते. घरातून कोनी उतरलं होतं काय? मी छातीठोकपणे नाही म्हटलं.

१४ एप्रिल
मला भीती वाटते आहे. वारा नाही तरी पाणी चढतंय. बाकी सगळा उतार कोरडा, फक्त आमच्या अंगणाकडे पाण्याचा एक पट्टा. पाणी भरणारी तानुबाई फाटकातून परत फिरली. वच्छलाच्या पायांकडे पाहून रडली. मंग काऊन गेली व माय, म्हणजे का गेलीस, एवढंच म्हणाली.
वच्छलाला विचारलं, पापडखार कुठला? म्हणे, बाजारचा कशाला, मीच आणला खालून. अनवाणी. तुम्हीच तर हसला होतात.
तिच्या टाचा अजून खाराने पांढऱ्या.

१५ एप्रिल, सकाळ
आडाच्या पाण्याने धुतले. दुधाने धुतले. पांढरं जात नाही — वर सरकतंय — मेहकरला दवाखान्यात नेतो तिला. मुकादमांनी गाडी सांगितली आहे. देवा, गाडी येईपर्यंत —

दुपार
बैल पुढे येईनात. गाडीवान पळाला.
पाणी उंबऱ्याच्या आत. मी पेटीवर उभा. ही वही सापडली तर हर्णैला कळवा —
वच्छला खाटेवर, पाय खाली सोडून. ओढली, हलत नाही. रडत नाही, हसते. म्हणते, अहो, किती हळू चोळतात —
आता माझ्याकडे बघते. म्हणते, बूट काढा ना, तुमचेही —