हद्दीवरची ओळख

३ जून
पोहोचले एकदाची फिनलंडच्या टोकाला, किल्पिसयार्वीला! तळ्याकाठी लाकडी खोली, मागे सौना, म्हणजे वाफेच्या अंघोळीची खोली, आणि सूर्य मावळायचं नावच घेत नाही. काम सोपं आहे. फोनवर बोलणं चालू ठेवून गाडीने हद्द ओलांडायची, नॉर्वेतल्या पहिल्या गावाला शिवून परत यायचं. हद्दीवर आपला टॉवर फोन त्यांच्या टॉवरच्या हवाली करतो, तेव्हा बोलणं तुटता कामा नये. बोलायला मी माझ्या सायमीलाच घेतलंय. सहा वर्षांची आहे, ओउलूला आजीकडे असते. लेकीची बडबड ऐकायची आणि वर पगार घ्यायचा, आहे की नाही चैन? वीस तारखेला युहान्नुसच्या सणाला घरी येईन, असं तिला कबूल केलंय.

दुकानवाल्या आउनेबाई म्हणाल्या, बाहेर जाताना दाराला झाडू टेकवत जा. झाडू दिसला की घरात कोणी नाही असं समजून इथली माणसं परत फिरतात. कुलूप म्हणे फक्त शहरातले लावतात.

८ जून
हद्दीवर रोज बोलणं तुटतं. त्यांचा टॉवर फोनची ओळख नव्याने तपासतो, तेवढ्यात सायमी गायब. आज ती रडली. "आई, तू मधेच कुठे जातेस?" इथे संध्याकाळी बोलायलाही कोणी नसतं. ओउलूचे साहेब सुलेवी म्हणाले, वेळ कमी कर, पण तपासणीला हात लावू नकोस. सांगायला काय जातंय त्यांचं!

९ जून
तपासणी बंद केली. आपला टॉवर म्हणेल ते त्यांच्या टॉवरने मान्य करायचं, बस. सायमीचं अख्खं गाणं ऐकलं. सुलेवींना कळवलेलं नाही.

११ जून
आजच्या नोंदीत हद्द ओलांडणारे फोन दोन. पहिला माझा. दुसराही माझाच, तोच नंबर, अर्धा किलोमीटर मागे. रस्ता मात्र रिकामा होता. यंत्राची चूक असणार.

१३ जून
दुसरा आता वीस मीटरवर. घाबरून तपासणी परत सुरू केली. टॉवरने एकच फोन घेतला. माझा नाही. पडद्यावर अक्षरं आली — ओळख पटत नाही.

१५ जून
आउनेबाईंच्या फोनवरून आईला लावला. मागे सायमी खिदळत होती. आईने विचारलं, कोण बोलतंय? म्हटलं, मी, इर्मेली. ती चिडली. "थट्टा करता का? इर्मेली आत्ता नातीशी बोलतेय माझ्या. शनिवारी येतेय ती." आणि फोन ठेवला.

१८ जून
गाडी नाही. किल्ली माझ्याच खिशात — आउनेबाईंना विचारायला गेले, तर त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. गिऱ्हाइकाला सांगत होत्या, इर्मेली सकाळीच निरोप घेऊन गेली, गोड पोरगी —

१९ जून
बाहेर पावलं. आउनेबाईच. घसा फुटेस्तोवर हाका मारल्या. दाराशी थांबल्या, म्हणाल्या, "झाडू लावलाय. गेली ती." परत फिरल्या.

झाडू मी लावलेला नाही — दार ढकलतेय, साधा झाडूच तर आहे, हलत नाही —

उद्या शनिवार. सायमी धावत दारात जाईल, तिच्या गळ्यात पडेल — सायमी, बाळा, आधी विचार तिला, तू