अर्ध्यावरचा काटा

सोमवार, ३

आलो एकदाचा! कॉलेजला रामराम, बाबांच्या भाषणांना त्याहून मोठा रामराम. मामाचं बोटदुरुस्तीचं वर्कशॉप थेट धक्क्यावर आहे. वर माझी खोली. एक खाट, एक खिडकी आणि खिडकीत सगळा समुद्र. मामीने गादीला ऊन दाखवून ठेवलं होतं. मामाने पाठीत धपाटा घालून सगळ्यांना माझी ओळख करून दिली, की हा आमचा अर्धा इंजिनियर, उरलेला अर्धा मी करीन. सगळे फिदीफिदी हसले. हसू देत. कित्येक दिवसांनी पोटभर जेवलो.

इथला नियम एकच. बोट धक्का सोडण्याआधी टाकीत काठी बुडवायची. प्रत्येक बोटीची आपली काठी, तिला चाकूने पाडलेल्या खाचा. जिथवर काठी ओली, तितकं डिझेल. मामा म्हणतो, काटे खोटं बोलतात, काठीला ती अक्कल नाही.

बुधवार, ५

पांढरी बोट दुरुस्तीला आलीय. टाकी भरा नाहीतर रिकामी करा, डिझेलचा काटा आपला अर्ध्यावर. मालक सावलीतही गॉगल लावून फिरतो. मला म्हणाला, छोटू, जरा बघ रे. छोटू! आणि त्याच्यामागे ती उभी.

ती. जिच्यासाठी मी भर परीक्षेतून उठून स्टेशनवर धावलो आणि जी आलीच नाही. मला बघून दचकली, मग त्याला म्हणाली, हा आमच्या वर्गात होता. होता! मेलेल्या माणसाबद्दल बोलावं तसं. त्याने बोटीत चढायला हात दिला तर मागे सरली. म्हणाली, मला बोट लागते, तूच मिरव तुझ्या लाडक्या बोटीतून. बोट लागते हे मी त्याच्याआधीपासून जाणतो. सहलीत ती ओकत होती तेव्हा तिचे केस मी धरले होते. मी!

शुक्रवार, ७

दोष सापडला. टाकीवरची वायर सोडवली, काटा शून्यावर पडला. तीच वायर बोटीच्या लोखंडाला टेकवली, काटा फुल्लवर. म्हणजे मीटर ठणठणीत, वायरही ठीक, रोग टाकीत. पाच स्क्रू काढून फ्लोट बाहेर घेतला. हा डिझेलवर तरंगणारा गोळा, त्याला तारेचा दांडा. गोळा खाली गेला की काटाही खाली. पण दांडा वाकवलेला होता. गंजून नव्हे, पकडीने. दातांच्या खुणा स्पष्ट दिसत होत्या. काटा अर्ध्यावरून हलूच नये म्हणून कुणीतरी मुद्दाम केलेलं काम.

मामाचं तोंड उतरलं. म्हणाला, हा मी स्वतः तीनदा सरळ केलाय. बिडी पेटवली आणि सांगितलं. माझ्या खोलीत पूर्वी एक कारागीर राहायचा. एका पोरीवरून या बोटीच्या तेव्हाच्या मालकाशी त्याचं हाडवैर होतं. एक दिवस दोघंही याच बोटीतून गेले. बोट मिळाली, टाकी कोरडी, काटा अर्ध्यावर, आत एकटी ती पोरगी, वाचा गेलेली, आणि ते दोघं नाहीत. वैऱ्याच्या बोटीत तो का चढला, देव जाणे. मामाने बिडी विझवली आणि मला म्हणाला, दांडा सरळ कर आणि विषय संपव.

केला. काटा आता सुतासारखा चालतोय.

शनिवार, ८

गॉगलवाला आला होता. माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, ती सांगते तू तिला कविता पाठवायचास, एखादी म्हणून दाखव की. सगळे हसले. मामासुद्धा.

उद्या तो एकटाच पलीकडच्या बेटावर निघालाय.

दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा फ्लोट पुन्हा काढला. माझी पक्कड त्या जुन्या खुणांत तंतोतंत बसली. जोर लावावाच लागला नाही. मनगट आपोआप वळलं. मग डिझेल उपसलं. धक्क्याची भिंत ओलांडण्यापुरतं ठेवलं, पलीकडची पाण्याची ओढ सरळ खडकांकडे नेते. काठी खालून वीतभर कापली आणि ताजा काप दिसू नये म्हणून टोकाला काळं ऑइल चोळलं. आता काठीही अर्धी टाकी दाखवते.

तो कारागीर मूर्ख होता. आग आपण लावायची आणि आपणच आत बसायचं? मी धक्क्यावर उभा राहून हात हलवीन.

एकच गोष्ट. काठी बुडवून पाहिली तर वर येईना. खालून कुणी धरल्यासारखी. मग एकदम सुटली. ओल सरळ रेषेत नव्हती. चार बोटं आणि अंगठा.

गाळ असेल.

रविवार, ९, सकाळी

टाकीतून टकटक येतेय. टाकी रिकामी, बोट बांधलेली. मी कानोसा घेतला की थांबते.

डायरी खिशातच ठेवतोय. मामाच्या हाती नको.

रविवार, बोटीवर

ती चढली. शेवटच्या क्षणी. म्हणाली, त्याने गोळी दिलीय, आज नाही लागणार बोट. मी धक्क्यावरून बोटीत उडी मारली.

आता कळलं तो कारागीर का चढला.

ओरडलो, टाकी रिकामी आहे. गॉगलवाल्याने काटा दाखवला. अर्धा. तिने स्वतः काठी बुडवली. अर्धी. म्हटलं, काठी मी कापलीय, दांडा मी वाकवलाय. ती म्हणाली, मला अडवायला किती खालच्या थराला जाशील?

माझी दोन्ही खोटी कामं माझ्याविरुद्ध साक्षीला उभी.

भिंत मागे पडली. इंजिन इथे बंद पडायला हवं होतं.

चालूच आहे. कशावर?

त्याने किल्ली काढली. तरीही चालूच. सुकाणू वळत नाही. त्याचा गॉगल पाण्यात पडलाय, तो आई आई करतोय. मला आनंद व्हायला हवा—

ती ओकतेय. केस मी धरलेत.

खडक दिसतायत. टकटक मोठी झालीय. टाकीचं झाकण फिरतंय. आतून.

तो झाकण दाबून धरायला मागे गेला. किंकाळी आली. वळून पाहिलं— नाही. पाण्यातही नाही.

काटा हलला. पाऊण.

म्हणजे अर्ध्यात ते दोघं होते. इतकी वर्षं. काटा खोटं बोलतच नव्हता.

फुल्ल व्हायला एकाचीच जागा.

झाकण उघडं. बोटं दिसतायत, चार आणि अंगठा— तिच्या पायाकडे— ज्याने वाकवला तो मी, तिला सोड, इकडे, मी—

तिला सांगितलं सुकाणू धर, आता वळेल, मागे बघू नकोस. हात आत घालतोय. थंड आहे. मनगट धरलं. काटा सरकतोय, ती अजून मागे बघतेय, बघू नकोस गं, वळव, बोट वळ—