टॉर्च पेटीत ठेवला नव्हता

१४ मार्च

तीर्थस्वरूप उस्ताद,
साष्टांग नमस्कार.

बावीस वर्षांनी अक्षर पाहून म्हणाल, "घाईरावांना आज कशी काय आठवण झाली?" गुडघे कसे आहेत? मी ठीक. केसांनी साथ सोडली, पोटाने धरली. बायको म्हणते, आता धावपट्टी तुम्हालाच लांब लागेल. येत्या सोमवारी मी या हवाई तळाचा प्रमुख होणार, असं ठरलं होतं.

काल आमच्या एका तंत्रज्ञ बाईंच्या हत्यारांच्या पेटीत एक पाना कमी भरला. तुम्हीच घोकून घेतलेला नियम: पेटीतली एक जागा रिकामी असेल, तर एकही विमान हलायचं नाही. आठ विमानं थांबली. दोन तास सगळे जमिनीवर रांगत होते. मग त्या स्वतःच पुढे आल्या. "माझ्याच खिशात निघाला, सर. चूक माझी." मी सगळ्यांसमोर त्यांना शाबासकी दिली, ऑफिसात आलो आणि दार लावून घेतलं. मला माझीच लाज वाटत होती.

बावीस वर्षांपूर्वी, त्या दिवशी, तुमच्या पेटीतला टॉर्च मी घेतला होता. उड्डाणाआधी तुम्ही खालून विचारलंत, "टॉर्च?" मी शिडीवरूनच म्हणालो, "ठेवला, उस्ताद." ठेवला नव्हता. खिशात होता. माझ्या शब्दावर तुम्ही सही केलीत. वर गेल्यावर तो खिशातून घरंगळला आणि विमान वळवायच्या दांड्याच्या बुडाशी अडकला. कसाबसा उतरलो.

चौकशीत तुम्ही एवढंच बोललात, "मी मोजलं नाही." माझ्याकडे पाहिलंतसुद्धा नाही. मी मिठाची गुळणी धरून बसलो. तुम्हाला विमानांवरून काढून कोठारात बसवलं. मला विमान सुखरूप उतरवल्याबद्दल पदक मिळालं.

आज सकाळी हे सगळं लिहून, पदकासकट, वरिष्ठांच्या टेबलावर ठेवलं. ते म्हणाले, "अरे, सोमवारनंतर दे. बावीस वर्षं थांबलास, चार दिवसांनी काय बिघडतंय?"

"बावीस वर्षं मी हेच म्हणत आलोय, सर."

प्रमुखपद बहुधा गेलं. जाऊ दे. पण तुमच्या नावावरचा तो डाग पुसल्याशिवाय मी आता गप्प बसणार नाही. रविवारी तुमच्याकडे येतोय. दार उघडायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. खरं सांगतो, भीती तेवढीच वाटते.

दिलेल्या कागदाची नक्कल सोबत आहे. या वेळी माझ्या शब्दावर जाऊ नका, उस्ताद. ओळ न् ओळ तपासून घ्या.

टॉर्च घेतलेला,
तुमचा घाईराव