पाहुण्याचा तिसरा दिवस

पेरितियोस महिना, नववा दिवस

गावात एवढी घरं, पण अनवाणी नाहीतर फाटक्या चपलांचा माणूस दिसला की झोसिम त्याला आमच्याच दारात आणून सोडतो. झोसिम म्हणजे येशूवाल्या मंडळीचा वडीलधारी. माझा मुलगा अत्तालोस त्यांच्यात गेल्यापासून हे घर धर्मशाळा झालंय.

आजचा कार्पोस. लावदिकियाहून चालत आलेला प्रचारक. मसुराचे तीन वाडगे रिचवले, वर म्हणतो, "माई, या जगात साठवून काय करायचंय?" म्हटलं, "दिसतंयच. तू भांड्यातसुद्धा काही ठेवलं नाहीस."

त्यांचा एक नियम मात्र मला आवडतो. प्रचारकानं दोन दिवस राहायचं. तिसऱ्या दिवशी राहिला तर तो भोंदू. तशी चिठ्ठी पुढच्या गावांना जाते, मग त्याला कोणी दारात उभं करत नाही. दिवस मोजायला मी आहेच.

दहावा दिवस

बर्फ. आधीचे चौघे प्रचारक उंबरा ओलांडायच्या आत मला म्हणाले होते, बाप्तिस्मा घे. यानं सुई मागितली, चपलेचा पट्टा शिवायला. पाय पाहिला – टाच काळीनिळी, पू भरलेला. म्हटलं, "देवानं पाठवलं, चपला द्यायच्या राहिल्या वाटतं." हसला मेला.

संध्याकाळी त्यांच्या येशूची गोष्ट सांगत होता, मेल्यानंतरची. बायका पहाटे थडग्याशी गेल्या, तोंडावरचा दगड सरकलेला, आत कोणी नाही – आणि नेमकी यांची प्रार्थनेची वेळ झाली! गोष्ट सांगायची ही काय रीत?

अकरावा दिवस, सकाळ

कार्पोस निघायला उठला तो उंबऱ्यातच बसला. अंग तापलेलं. तरी म्हणे, "जातो माई. राहिलो तर सगळी दारं बंद होतील. वीस वर्षं चाललोय ते पाण्यात."

सून ततिया म्हणाली, "या पायानं घाटात मरतील हो ते."

अत्तालोस हात चोळत म्हणाला, "नियम आहे." माझ्याच पोटचा हा.

मग चपला सापडेनात. सगळं घर धुंडाळलं. शेवटी कार्पोसला ग्लानी आली, तो चुलीपाशी झोपला.

अकरावा, दुपार

चपला माझ्या रंगाच्या हंड्यात आहेत, लोकरीखाली. लालभडक झाल्या असतील.

झोसिम दोन माणसं घेऊन दाराबाहेर उभा आहे. भोंदू म्हणून चिठ्ठी लिहायची म्हणतो. मी काही त्यांच्या मंडळीत नाही, मला कसला नियम? घर माझं, कडी मी घातली. आणि थडग्याचं पुढे काय झालं ते कळेपर्यंत ती निघत नाही.

अत्तालोसला बजावलंय: तू तोंड उघडू नकोस, कार्पोसला उठवू नकोस. झोसिमला म्हणावं, काय ते दाराआडून मला विचार. जाब मी देणार.