वरातीत न चाललेलं गाणं

भोर, १२ जानेवारी २००४

ती. गेनूअण्णांस दिलावरचा सलाम.

इकडे अम्मीसह सगळे ठीक. तुमचा गुडघा कसा आहे? बँड बंद करून तुम्ही वेल्ह्याला गेलात, हे आपल्या बँडमधल्या ज्ञानूकडून कळलं. तीन वर्षांत मी एक पत्र टाकलं नाही, त्याचा राग असेल. बँड सोडल्याचा आधीचा आहेच. दोन्ही एकत्रच धरावेत.

किकवीची ती वरात तुम्ही विसरला नसाल. दहा वर्षं तुमच्या बँडमध्ये मी दुसऱ्यांची गाणी गायलो आणि नेमकी त्या दिवशी मला स्वतःचं गाणं म्हणायची बुद्धी झाली. तेही धरणात गेलेल्या गावाचं. ‘पाणी आलं दारात, दार गेलं पाण्यात.’ नाचणारी पोरं थांबली, नवरीची आजी तोंडाला पदर लावून खाली बसली, घोडा तेवढा चालत राहिला (नवऱ्याला घेऊन देवळापर्यंत एकटाच गेला बिचारा). नवरीचा बाप तुम्हाला म्हणाला, “अण्णा, ही वरात हाय का मयत?” तुम्ही माझ्या हातातला माईक काढून घेतलात. “उद्यापासनं येऊ नगंस.” तुम्ही रागात बोललात, पण मला ते फार लागलं. बँडची टोपी गाडीवर ठेवली आणि कापूरहोळपर्यंत चालत आलो.

मग वर्षभर ऑर्केस्ट्रात होतो. आंबवड्याच्या जत्रेत मला चकाकता कोट दिला, तो आधीच्या गायकाच्या मापाचा होता, त्यामुळे वरच्या सुराला हात वर करता येईना. ते सोडून पुण्यात त्याच गाण्याची स्वतःची कॅसेट केली. स्टुडिओवाला म्हणाला, दुःखाला ठेका पाहिजे. त्याने घातला. कव्हरवर समुद्रकिनारी उभा असलेला कुणी मिशीवाला छापला (मी अजून समुद्र पाहिलेला नाही) आणि खाली माझं नाव ‘दिलबर’. अम्मीने ती कॅसेट फडताळात उलटी ठेवली आहे.

गेल्या महिन्यात गुंजवण्याला पहिल्यांदा एकट्याचा कार्यक्रम केला. समोर धरणात जमिनी गेलेली माणसं. ऐन दुपारी लाईट गेली, माईक बंद. तसाच पेटीवर ते धरणाचं गाणं गायलो. कुणी टाळी वाजवली नाही. मला वाटलं, झालं. तेवढ्यात फुलाबाई म्हणून एक आजी उठल्या. “बाबा, आमची पान्याची हीर आंब्याखाली न्हवती, जांभळीखाली व्हती. तेवढं नीट कर अन् पुन्यांदा म्हण.” नीट करून म्हटलं. मग कुणी गोठा सांगितला, कुणी उंबरा. एकेक ओळ जोडत तासभर तेच गाणं चाललं. बँड का सोडला ते मला त्या दिवशी कळलं, अण्णा.

तर आता मी एकट्यानेच गातो. कुणाची साथ लागत नाही, एवढंच कळवायचं होतं. काकूंना सलाम.

तुमचा,
दिलावर

ता.क. हे गाणं ठेका काढून पुन्हा रेकॉर्ड करतोय. त्यात क्लॅरनेट पाहिजे. स्टुडिओवाला म्हणतो, कीबोर्डवर निघतो तो आवाज. निघतो, पण वाजवणाऱ्याने दम घेतलेला ऐकू येत नाही.

आणखी ता.क. चाल माझी नाही. वरात निघायच्या आधी तुम्ही भिंतीकडे तोंड करून क्लॅरनेटवर जे थोडंसं वाजवायचात, तीच आहे. किकवीला माईक घेतलात तो ओळ पुरी झाल्यावरच, चाल मध्येच तोडली नाहीत, म्हणजे तुम्ही ओळखली होती. कॅसेटवर ‘संगीत’ म्हणून मी माझं नाव दिलं. नव्या कॅसेटवर तुमचं छापू का? नाही म्हणायचं असेल तर इथे येऊन, तोंडावर म्हणा. येताना क्लॅरनेट आणा.