आधीच दिलेली साक्ष

नागापूर, १९ जानेवारी

प्रिय आई,

तुला आणि शांतवनदादाला प्रभूच्या नावात सलाम. आम्ही बरे आहोत. अकोल्याहून पाठवलेले तांदूळ पोचले, ह्यांना रोज त्यांचीच पेज देते. तुझा गुडघा कसा आहे?

खोली एकच, हे जागेच असतात, फोनवर बोलता येत नाही. म्हणून लिहिते.

नाताळच्या उपासनेत साक्षीची, प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांपुढे सांगायची, वेळ आली आणि मी उठले. मरून चार दिवस झालेल्या लाजराला ज्यानं उठवलं, त्याला ह्यांचं लिव्हर बरं करणं काय जड आहे, असं वाटलं. बोलून गेले, "प्रभूनं माझ्या नवऱ्याला बरं केलं." विश्वास असेल तर आभार आधीच मानायचे, हे तूच शिकवलंस ना? सगळी मंडळी 'हालेलुया' म्हणाली. पाळकसाहेबांनी आजाऱ्यांच्या यादीतून ह्यांचं नाव काढलं.

परवा डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. पोटात पुन्हा पाणी झालंय. रविवारी सगळ्या आजाऱ्यांसाठी प्रार्थना होते, ह्यांच्यासाठी होत नाही. मी परत आले की हे विचारतात, "आज माझं नाव घेतलं का?" मी घेतलं म्हणते.

तू तिकडच्या मंडळीत प्रार्थनेसाठी ह्यांचं नाव दे. माझ्या साक्षीचं मात्र कुणाला सांगू नकोस.

येशू देवाचा पुत्र आहे, जगाला तारायला आला, हे मी अजून म्हणते. तो आमच्या खोलीत येईल, हे आता म्हणवत नाही.

तुझी लेक,
एस्तेर