तीर्थातली गोळी

सोमवार, ४ ऑगस्ट
सकाळी पूजा झाली. मल्लूची गोळी लाटण्याखाली चुरली, तीर्थात ढवळली. धाकटा भाऊ माझा. घरचं पाणीही पीत नाही, विष घातलंय म्हणतो. माझ्या हातचं तीर्थ आणि नैवेद्य तेवढा घेतो. तीर्थ प्याला, ओला हात डोळ्यांना लावला. मी देव्हाऱ्याकडे पाहिलं नाही.
मग कॉलेज. मानसिक व सामाजिक आरोग्य सेवेचा वर्ग. मल्लूसाठीच नाव घातलं. वर्गातली पोरं म्हणाली, "काका, तुमची हजेरी बघून आमची आई आमाला शिव्या घालती की." हसलो.

गुरुवार, ७
वर्गात मॅडमनी विचारलं, पेशंटला न सांगता गोळी दिली तर? पोरं म्हणाली, चालतंय की, बरा होऊ दे आधी. मॅडम म्हणाल्या, "आणि त्याला कळलं तर? मग कुणाच्या हातचं खाईल तो?"
खाली मान घालून बसलो. येताना नवी पेठेत उतरून उगीच चालत राहिलो.

सोमवार, ११
डॉक्टरांनी बदललेली गोळी आजपासून. मल्लू म्हणाला, "अण्णा, तीर्थ लई कडू लागतंय. देव माझ्यावर रागावलाय व्हय?"
मी वाटी उचलून आत गेलो. दुपारी नैवेद्यही परत केला त्यानं. कपाळभर विभूती लावून भिंतीकडे तोंड करून बसलाय. माझ्यामुळे.

मंगळवार, १२
उपाशीच. देवाचा राग जाईपर्यंत खाणार नाही म्हणे. सौ. चिडली. "भावजीस्नी सांगू नका. मागं औषध बंद पडलं तवा वळसंगच्या विहिरीवर जीव द्यायला गेलते, इसरला व्हय?"
विसरलो नाही. डॉक्टरांना गाठलं. म्हणाले, खरं सांगा. पण नंतर त्याला एकटं सोडू नका.
सांगितलं तर माझा हातही त्याला विषाचा. न सांगितलं तर... देवाला विचारावं, तर त्याच्याच पाण्यात मी...

बुधवार, १३
सांगितलं.
एका तळहातावर गोळी, दुसऱ्या हातात तीर्थाची वाटी. "मल्लू, हे औषध हाय. हे नुसतं तीर्थ. कडू मी केलतं. देव न्हाय रागावला."
त्यानं आधी गोळीकडे, मग वाटीकडे पाहिलं.
"रोज?"
"व्हय."
"तू पण, अण्णा."
तीर्थ घेतलं नाही. गोळी उचलली, मुठीत धरली, दाराशी जाऊन बसला. मी समोर. कॉलेजला गेलो नाही. सौ.ने दोघांपुढे भाकरी आणून ठेवली आहे.
मूठ अजून मिटलेलीच आहे.